सांतियागोची वाट : स्पेनच्या डोंगरगावांतून पदयात्रा

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गालिसिया प्रांतात सांतियागो दे कोंपोस्तेला हे नगर आहे. येशू ख्रिस्तांच्या बारा शिष्यांपैकी एक, संत याकोब, यांची समाधी येथे आहे अशी ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा आहे. नवव्या शतकात ही समाधी सापडल्याची वार्ता युरोपभर पसरली आणि फ्रान्स, जर्मनी, इटली अशा दूरच्या देशांतून यात्रेकरू पायी येथे येऊ लागले. आजच्या भव्य कॅथेड्रलच्या बांधकामास १०७५ मध्ये आरंभ झाला व १२११ मध्ये त्याचा प्रतिष्ठापना-विधी पार पडला. या नगराकडे येणाऱ्या सर्व वाटांना मिळून स्पॅनिश भाषेत ‘कामिनो’, म्हणजे नुसतेच ‘वाट’, असे म्हणतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वाट पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्सकडून येते. तिची लांबी सुमारे ७८० किलोमीटर आहे.

गेल्या जून महिन्यात आम्ही पती-पत्नी आणि आमचे एक स्नेही दांपत्य असे चौघे या वाटेचा शेवटचा तृतीयांश भाग, आस्तोर्गा गावापासून सांतियागोपर्यंतचा सुमारे २६० किलोमीटरांचा टप्पा, तेरा दिवसांत पायी चाललो. परधर्मीयांच्या तीर्थमार्गावर आपण कशासाठी जायचे, असा प्रश्न घरच्या वडीलधाऱ्यांनी विचारला होता. आमचे कुतूहल एकाच गोष्टीविषयी होते. मध्ययुगात गजबजलेली ही वाट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ ओस पडली होती. कॅथेड्रलच्या नोंदीनुसार १९८६ मध्ये यात्रापूर्तीचे प्रमाणपत्र घेणाऱ्या यात्रेकरूंची संख्या फारच थोडी होती. २०२४ मध्ये हीच संख्या ५ लाखांच्या जवळ पोहोचली. मृतप्राय झालेला एक तीर्थमार्ग चाळीस वर्षांत पुन्हा जिवंत कसा होतो, हे आम्हाला प्रत्यक्ष पाहायचे होते. त्याचे उत्तर सांतियागोच्या कॅथेड्रलपेक्षा वाटेवरच्या डोंगरगावांत अधिक सापडले. म्हणून हा लेख मुख्यतः त्या गावांविषयी आहे.

खेचरवाल्यांच्या मुलखातून

आस्तोर्गा सोडल्यावर सपाट मैदान मागे पडते आणि जमीन हळूहळू लेओनच्या डोंगरांकडे चढू लागते. या पट्ट्यास मारागातेरिया म्हणतात. येथील मारागातो लोक पिढ्यान्‌पिढ्या खेचरांवरून मालवाहतूक करीत. गालिसियाच्या किनाऱ्यावरचा माल माद्रिदकडे न्यायचा आणि तिकडचा इकडे आणायचा, हा त्यांचा व्यवसाय होता. त्यांची दगडी घरे आजही उभी आहेत. लादलेली खेचरे थेट अंगणात शिरावीत एवढे मोठे कमानदार दरवाजे प्रत्येक घराला आहेत. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि हा व्यवसाय बसला. पुढे १९६० नंतरच्या दशकांत स्पेनच्या ग्रामीण भागातून तरुणांचे लोंढे शहरांकडे गेले. घरे तशीच राहिली, माणसे गेली. अशा प्रदेशासाठी स्पॅनिश लोक आज ‘रिकामा झालेला स्पेन’ असा शब्दप्रयोग करतात.

आस्तोर्ग्याहून सुमारे २० किलोमीटरांवर राबानाल देल कामिनो हे एकाच मुख्य गल्लीचे गाव आहे. बाराव्या शतकातील ‘कोदेक्स कालिक्सतिनुस’ या लॅटिन ग्रंथात यात्रेचे मुक्काम दिले आहेत. त्यांत लेओनहून निघाल्यावरचा मुक्काम म्हणून राबानालचे नाव येते. एवढ्या जुन्या मुक्कामाची धर्मशाळा मात्र आज स्थानिक लोक चालवीत नाहीत. पडीक झालेली एक इमारत दुरुस्त करून इंग्लंडमधील यात्रेकरूंच्या एका संघाने १९९१ मध्ये ती पुन्हा सुरू केली. जुन्या काळी या डोंगरात धर्मशाळा उभारणाऱ्या गाउसेल्मो नावाच्या तपस्व्याचे नाव तिला दिले आहे.

अशा यात्रिनिवासाला ‘अल्बेर्गे’ म्हणतात आणि तेथील व्यवस्थापकाला ‘ओस्पितालेरो’. कित्येक ठिकाणी हे ओस्पितालेरो वेतन घेत नाहीत. स्वतः कधीतरी ही वाट चाललेले लोक साधारण पंधरा दिवसांसाठी येतात, झाडलोट करतात, चादरी-पांघरुणे पाहतात, थकून आलेल्या यात्रेकरूचे स्वागत करतात आणि पंधरवडा संपला की दुसऱ्यांच्या हाती किल्ल्या देऊन आपापल्या देशी परततात. ठरलेले भाडे नसते, दाराशी दानपेटी असते. आमच्यातील एकीच्या टाचेला मोठा फोड आला होता. निवृत्त शिक्षिका असलेल्या एका ओस्पितालेरो बाईंनी पाण्याचे घमेले आणले, जमिनीवर बसून तो पाय धुतला आणि पट्टी बांधून दिली. संकोचून आमची मंडळी नको नको म्हणत होती. बाई एवढेच म्हणाल्या, “माझेही पाय असेच कोणीतरी धुतले होते.” वैयावृत्त्य हा शब्द आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. त्याचा अर्थ परक्या देशातील त्या ओसरीवर फार स्पष्ट कळला.

फोन्सेबादोन आणि लोखंडी क्रूस

राबानालपासून दीड-दोन तासांच्या चढणीनंतर, समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरांहून अधिक उंचीवर फोन्सेबादोन लागते. १९९०च्या सुमारास या गावात एक वृद्ध माता आणि तिचा मुलगा एवढेच राहत होते. बाकी सारी घरे कोसळलेली होती. त्या काळी येथून गेलेल्या यात्रेकरूंच्या लेखनात भग्न भिंती आणि भटकी कुत्री यांचीच वर्णने आहेत. आज तेथे अनेक यात्रिनिवास, एक लहानसे दुकान आणि भोजनगृहे आहेत. तरीही एका बाजूला नव्या स्लेटचे छप्पर आणि लगतच्या घराच्या जागी झुडपे उगवलेला दगडांचा ढीग, असे दृश्य गल्लीभर दिसते. गाव अर्धे उठून बसले आहे, असेच म्हणावे लागेल.

तेथून दोन किलोमीटरांवर, सुमारे १,५०० मीटर उंचीवर, ‘क्रूस दे फेर्रो’ आहे. पाचेक मीटर उंचीचा ओकचा खांब, त्याच्या टोकाला लहानसा लोखंडी क्रूस आणि पायथ्याशी दगडांची मोठी रास. मूळ क्रूस आस्तोर्ग्याच्या संग्रहालयात असून येथे त्याची प्रतिकृती आहे. घरून आणलेला एक दगड येथे ठेवायचा, असा प्रघात आहे. तो कसा पडला याविषयी मतभेद आहेत. खिंडीत दगड रचण्याची चाल रोमन काळाइतकी जुनी असावी, असे काहीजण मानतात. गालिसियातून कापणीच्या मजुरीसाठी कास्तियाकडे जाणारे मजूरही येथे दगड टाकीत. आज त्या राशीत दगडांबरोबर छायाचित्रे, लहान मुलांचे बूट आणि चिठ्ठ्याही दिसतात. आमच्या पुढे असलेला एक कोरियन तरुण खिशातून गुळगुळीत गोटा काढून बराच वेळ हातात धरून उभा होता. त्याने तो ठेवला, मागे वळून पाहिले नाही, आणि चालू लागला. तेथे कोणी कोणाला काही विचारत नाही.

या खिंडीविषयीची एक जुनी माहिती मला त्या क्रूसाहूनही मोलाची वाटली. हिवाळ्यात येथे एवढा बर्फ पडतो की वाटच दिसेनाशी होते. म्हणून या डोंगरातील गावकऱ्यांना जुन्या काळी राजाकडून करमाफी मिळत असे. त्या बदल्यात त्यांनी वाटेच्या कडेने शेकडो लाकडी खांब रोवायचे आणि ते सदैव उभे राहतील याची काळजी घ्यायची. बर्फातून येणाऱ्या अनोळखी माणसाला वाट सापडावी, एवढ्यासाठी राज्याने आपला महसूल सोडला होता. तीर्थाचे संरक्षण म्हणजे वाटेचे संरक्षण, ही समज त्या व्यवहारात आहे.

खिंडीनंतर एल आसेबो या गावावरून मोलिनासेकापर्यंत सुमारे ९०० मीटरांची उतरण आहे. स्लेटच्या चिपांची ही वाट गुडघ्यांची परीक्षा घेते. एल आसेबोत घरांचे लाकडी सज्जे गल्लीवर झुकलेले आहेत. खाली मोलिनासेकात जुना दगडी पूल आहे. त्याखालून वाहणाऱ्या थंड पाण्यात पाय सोडून बसलेले यात्रेकरू दुपारभर दिसतात. पुढचे दोन दिवस बिएर्सो खोऱ्यातील द्राक्षमळे आणि चेरीच्या बागा यांतून जातात. त्या टोकाला बियाफ्रांका गावात संत याकोबांच्या नावाचे एक लहान जुने चर्च आहे. त्याच्या उत्तरेकडील कमानदार दरवाजाला ‘क्षमेचे द्वार’ म्हणतात. आजारपणामुळे पुढचा डोंगर चढू न शकणाऱ्या यात्रेकरूने या दारापर्यंत पोहोचले तरी त्याला सांतियागोला पोहोचल्याचेच पुण्य मिळे. तीर्थ अद्याप जवळजवळ १९० किलोमीटर दूर असताना यात्रा पूर्ण मानण्याची ही उदारता मनाला भिडली.

ओ सेब्रेइरोचे धर्मगुरू

बियाफ्रांकाहून दुसऱ्या दिवशी सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या ओ सेब्रेइरोला पोहोचलो. शेवटचे आठ किलोमीटर चढण तीव्र आहे. वाटेत एका कोरीव शिळेपाशी लेओन प्रांत संपतो व गालिसिया सुरू होतो. भाषा बदलते, हवा बदलते. पश्चिमेकडून समुद्रावरचे ढग येऊन या डोंगरांना अडतात, म्हणून धुके आणि पाऊस येथे नित्याचेच. ‘पायोसा’ नावाची जुनी घरे येथे जपली आहेत. दगडाची गोलाकार भिंत आणि राय या धान्याच्या काडांचे शंकूसारखे छप्पर. आत एका बाजूस माणसे आणि दुसऱ्या बाजूस गुरे राहत, त्यामुळे गुरांची ऊबही घराला मिळे. आपल्याकडील कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा संसार परका वाटणार नाही.

येथील चर्च नवव्या शतकातील असल्याचे मानतात. अकराव्या शतकापासून फ्रान्समधून आलेल्या भिक्षूंनी येथे धर्मशाळा चालवली. एक कथाही सांगतात. चौदाव्या शतकात हिमवादळाच्या दिवशी खालच्या खेड्यातील एक शेतकरी प्रार्थनेसाठी डोंगर चढून आला. एवढ्याशा भाकरी-द्राक्षरसासाठी हा मूर्ख जिवावर उदार होऊन आला, असे तेथील पुजाऱ्याच्या मनात आले आणि त्याच क्षणी वेदीवर चमत्कार घडला. चमत्काराचा भाग श्रद्धावंतांवर सोडला, तरी कथा कोणाच्या बाजूने उभी आहे हे स्पष्ट आहे. ती चालून आलेल्या माणसाच्या बाजूने आहे.

याच चर्चमध्ये एलियास बालिन्या साम्पेद्रो हे धर्मगुरू होऊन गेले. जन्म १९२९, मृत्यू १९८९. कामिनोच्या इतिहासावर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला होता. पण ग्रंथालयात वाट जिवंत राहत नाही, हे त्यांनी ओळखले. जुने मार्ग शेतांत, झुडपांत आणि नव्या डांबरी रस्त्यांखाली हरवले होते. १९८४ मध्ये त्यांनी आपल्या मोटारीत पिवळ्या रंगाचे डबे भरले आणि पिरेनीजपासून पुढे झाडांवर, दगडांवर, घरांच्या कोपऱ्यांवर पिवळे बाण रंगवीत निघाले. हा रंग रस्त्यांवरील पट्ट्यांच्या कामातून उरलेला होता, असे सांगतात. सीमेजवळ पोलिसांनी हटकून काय चालले आहे असे विचारले तेव्हा, फ्रान्सकडून मोठे आक्रमण होणार आहे त्याची तयारी करतो आहे, असे त्यांनी हसत उत्तर दिल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. १९८७ मध्ये युरोपीय परिषदेने या वाटेला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. १९९३ मध्ये स्पेनमधील मार्गाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ते दृश्य पाहण्यास बालिन्या हयात नव्हते. चर्चच्या आवारात त्यांचा अर्धपुतळा आहे. तेरा दिवस आम्ही नकाशा क्वचितच उघडला. प्रत्येक वळणावर बाण होता.

आहार आणि पाऊलवाट

वाचकांच्या मनात आहाराचा प्रश्न असणारच. या डोंगरांतील पारंपरिक जेवण मांसाहारी आहे. भाजीचे म्हणून दिसणारे ‘काल्दो’ नावाचे सूपही बहुधा डुकराच्या चरबीत केलेले असते. ऑम्लेटसारख्या ‘तोर्तिया’त अंडी असतात. पारंपरिक चीजमध्ये बहुधा वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरलेले असते. ओ सेब्रेइरोचे चीज प्रसिद्ध आहे आणि ते मधाबरोबर वाढतात, म्हणजे आपल्यासाठी ते दुहेरी वर्ज्य. तथापि उपाशी राहण्याची वेळ आली नाही. बहुतेक निवासांत स्वयंपाकघर असते. खेड्यांतील दुकानांत तांदूळ, मसूर, चणे, टोमॅटो, ढोबळी मिरची, ऑलिव्ह, फळे व अक्रोड मिळतात. आम्ही जवळ एक पातेले, हळद, जिरे आणि मेतकूट ठेवले होते. गालिसियातील सरकारी निवासांत स्वयंपाकघर असले तरी भांडी बहुधा नसतात, म्हणून पातेल्याचा फारच उपयोग झाला. हे निवास साधारण १० युरोंत मिळतात.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या नियमाची चिंता मात्र तेथे अजिबात नव्हती. जूनमध्ये या भागात सूर्य रात्री सव्वादहाच्या सुमारास मावळतो. उजाडते मात्र पावणेसातच्या पुढे. पुष्कळ यात्रेकरू अंधारातच विजेरी लावून निघतात. आम्ही उजाडल्यावरच निघत असू. गालिसियाच्या ओल्या वाटांवर, विशेषतः पावसानंतर, बोटाएवढ्या लांब काळ्या गोगलगायी असंख्य असतात. त्यांना कवच नसते आणि पानांच्या चिखलात त्या चटकन दिसत नाहीत. ईर्यासमितीचा शब्द उच्चारून चालणे वेगळे आणि सहा तास खरोखर खाली पाहून पाऊल टाकणे वेगळे. आमचा वेग कमी झाला. मागून येणारी एक वृद्ध जर्मन यात्रेकरू आम्ही असे का चालतो म्हणून विचारू लागली. कारण कळल्यावर तीही दुपारपर्यंत आमच्यासारखीच चालली.

वाटेवरची गावे

ओ सेब्रेइरोनंतर त्रियाकास्तेलापर्यंत आणि पुढे सारियापर्यंत वाट लहान लहान वस्त्यांमधून जाते. शेणाचा वास, दोन्ही बाजूंना उंच दगडी बांध, वर चेस्टनटच्या जुन्या झाडांची सावली, आणि खांबांवर उभारलेली ‘ओर्रेओ’ नावाची धान्याची कोठारे. उंदीर चढू नयेत म्हणून खांबांच्या माथ्यावर सपाट गोल दगड बसवलेले असतात. अशाच एका वस्तीत दारात चेरी निवडत बसलेल्या आजीबाईंनी आम्हाला हाक मारून बसवले आणि ओंजळभर चेरी दिल्या. फोनवरील भाषांतराच्या आधाराने बोलणे झाले. त्यांची दोन्ही मुले बार्सेलोनात आहेत.

“तुमच्यामुळे उन्हाळ्यात गल्लीत आवाज असतो,” त्या म्हणाल्या.

“आणि हिवाळ्यात, आजी?”

“हिवाळ्यात चार धुराडी. पूर्वी एकोणीस होती.”

थोडे थांबून त्यांनी विचारले, “तुमच्या गावची शाळा चालू आहे ना?” आम्ही हो म्हटले. “मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या.

या संवादाने मनातील समाधानाला थोडा धक्का बसला. यात्रेने ही गावे वाचवली, असे आम्ही फोन्सेबादोनपासून म्हणत आलो होतो. ते खरे आहे, पण अर्धेच. यात्रेमुळे यात्रिनिवास उघडतात, शाळा उघडत नाही. मोसम संपला की बरीच निवासस्थाने बंद होतात. शिवाय यात्रेकरूंची गर्दी सगळ्या वाटेवर सारखी नाही. प्रमाणपत्रासाठी पायी किमान १०० किलोमीटर चालावे लागते. सारिया तेथून सुमारे ११५ किलोमीटरांवर आहे, म्हणून सर्वाधिक लोक सारियापासूनच आरंभ करतात. त्यानंतरच्या वाटेवर सामान पुढे पोहोचवणाऱ्या गाड्या, शिक्के आणि आठवण-वस्तूंची दुकाने यांची रेलचेल आहे. दिवसातून दोन शिक्के यात्रा-पुस्तिकेत घ्यावे लागतात, त्यासाठी रांगा दिसतात. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. वयोवृद्धांना व आठवड्याचीच रजा मिळणाऱ्यांना तेवढीच यात्रा शक्य असते. पण जेथे सेवा विकत घ्यावी लागते तेथे आपण ग्राहक होतो, आणि जेथे ती दिली जाते तेथे यात्रेकरू होतो, हा फरक सारियाच्या अलीकडे आणि पलीकडे पायांनाही जाणवला.

तेराव्या दिवशी सकाळी सांतियागोला पोहोचलो. कॅथेड्रलसमोरच्या विशाल चौकात दगडी फरशीवर लोक पाठपिशव्या टेकून पडले होते, कोणी रडत होते, कोणी हसत होते. चौक भव्य आहे, त्याचे वर्णन इतरत्र पुष्कळ मिळेल. आम्ही चौघे मात्र कितीतरी वेळ फोन्सेबादोनविषयी आणि त्या आजीबाईंविषयीच बोलत राहिलो.

आपल्या परंपरेत पायी चालणे हे व्रत आहे. आपले साधू-साध्वी आजही गावोगाव विहार करतात, आणि त्यांच्या मागून चालणारे श्रावकही आहेत. आपण तीर्थक्षेत्री शिखरे उभारतो, दारावर दात्यांच्या नावांच्या शिळा बसवतो. ते पुण्यकार्यच आहे. पण विहाराचा मार्ग आज भरधाव महामार्गांच्या कडेने जातो. जुन्या मुक्कामांच्या गावांतील श्रावकांची घरे नोकरी-व्यापारासाठी शहरांत गेली, आणि काही ठिकाणी मंदिराचे कुलूप उघडण्यासही कोणी उरलेले नाही. त्या गावात वर्षातून पंधरा दिवस राहून, झाडलोट करून, येणाऱ्याची वाट पाहणारे कोणी आपल्यात निघतील का, हा विचार स्पेनहून परतल्यापासून सोडत नाही. बालिन्यांकडे मोठा निधी नव्हता. दुसऱ्याच्या कामातून उरलेला रंग होता आणि वाट नेमकी कोठून जाते याचे ज्ञान होते. आपल्या भागातील विहाराच्या जुन्या वाटा आणि मुक्काम ज्यांना अजून ठाऊक आहेत, ती वडील मंडळी आज आपल्यात आहेत. त्यांच्याबरोबर निदान एक टप्पा चालून तो लिहून ठेवला, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.